अंगठ्याची साक्ष

मित्रांनो, मला डोळे नाहीत. कंट्रोलरला डोळे असण्याचे कारणही नाही; पडद्याकडे बघणे हे माणसाचे काम. माझ्याकडे दोन बुटके दांडे आहेत, थोडी बटणे आहेत आणि पोटात दोन छोट्या मोटारी आहेत. दांडा कोणत्या बाजूला आणि किती वळला, हे मला अगदी अचूक कळते. खेळात गोळी शत्रूला लागली की पोटातल्या मोटारी थरथरतात, त्यावरून ती लागली हे कळते. माझे जग एवढेच; बाकी जे सांगतो ते माणसांच्या बोलण्यातून कानावर आलेले. वरून अंगठा सांगतो, आतून थरथर उत्तर देते. एकदा या दोघांचा मेळ बसला नाही, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जन्माचे मला फारसे आठवत नाही. माझ्यासारखी शेकडो भावंडे पट्ट्यावरून सरकत होती आणि एका बाईने माझे दोन्ही दांडे गरागरा फिरवून मला पास केले होते. तिथून मी पोलंडमधल्या झाबझे या कोळशाच्या गावी आलो. लाल विटांच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर रायमुंड नावाचा खाणकामगार राहत असे. खाणकामगारांची राखणदार मानलेल्या संत बार्बरेच्या सणाला खाणीत बोनस मिळतो, त्या बोनसातून त्याने मुलांना खेळाचे यंत्र घेतले आणि त्याच्यासोबत मी घरात शिरलो. मुलांची आई तेव्हा नुकतीच गेली होती. घर फार शांत झाले होते, आणि ती शांतता घालवण्यासाठी मला आणले होते हे मला पहिल्याच दिवशी कळले.

मोठी बोगना, धाकटा निकोदेम. त्याला सगळे निको म्हणत. सुरुवातीला दोघे माझ्यावरून मारामाऱ्या करत. पुढे निकोने एक जुना संगणक जोडला, खिडकीजवळच्या टेबलावर मांडला आणि तो माऊसवाला झाला. मी बोगनाचा झालो. ती सोफ्यावर, तो टेबलाशी, आणि मधल्या खुर्चीत बाबा. घरात कुठलाही वाद असो, भांडी कोणी घासायची, कोळसा तळघरातून कोणी आणायचा, कोणाच्या मित्राला घरी जेवायला बोलवायचे, तो बंदुकीच्या खेळात समोरासमोर उभे राहून मिटवला जाई. हरणारा निमूटपणे बादली उचलत असे.

आता एक गोष्ट समजावून सांगतो, नाहीतर त्यांचे भांडण तुम्हाला कळायचे नाही. माऊसवाला नेम धरताना अख्खा हात टेबलावरून सरकवतो. कंट्रोलरवाल्याकडे फक्त अंगठा, आणि त्या अंगठ्याला माझ्या दांड्याएवढीच जागा. मग दोघांची बरोबरी व्हायची कशी? म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी आमच्या बाजूला मदत दिली. नेम शत्रूच्या अंगावर आला की तो तिथे जड होतो. चिखलात पाय रुतावा तसा. अंगठा पुढे ढकलतो, पण नेम त्या अंगावरून चटकन हलत नाही.

ही मदत माझ्या पोटात नाही, ती खेळात आहे. मला ती दिसत नाही. अंगठ्याने सांगितलेले आणि थरथरीने आणलेले यांत किंचित फरक पडतो, त्यावरून मध्ये तिसरे कोणीतरी आहे एवढे जाणवते. लहानपणी मला त्या तिसऱ्याचा अभिमान वाटे. पुढे सवय झाली. आता भीती वाटते.

निकोला मात्र पहिल्यापासून त्याचा संताप होता.

"बोगना, तू घोरत पडलीस ना, तरी तुझी बंदूक मला शोधत येईल!" तो टेबलावरून ओरडे.

"आणि तुला रे? मनगट लागतं, कोपर लागतं, खांदा लागतो. मी बाई एका अंगठ्यात भागवते. काटकसर आहे ती."

"काटकसर कसली, सरकारी अनुदान आहे! बाबा, तू सांग. मी जिंकलो तर मी जिंकतो. ही जिंकली तर कोण जिंकतं?"

बाबा नाकातली प्राणवायूची नळी नीट करत म्हणत, "खाली आम्ही कोळसा फोडायचो तेव्हा ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या नावावर ढीग. माणसानं फोडला का यंत्रानं, हे कोळशाला कधी कळलं नाही बघ."

"पण शेजारच्या टिकाववाल्याला कळायचं की नाही?"

"त्याला कळायचं," बाबा कबूल करत. "तो पण असाच बोंबलायचा."

निको नुसता बोंबलून थांबत नसे. खेळ बनवणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या फळ्यावर जगभरचे माऊसवाले तक्रारी लिहीत, त्यात हा पुढे. "मदत कमी करा" हे त्याचे पालुपद होते. मला त्याचा राग येत असे. वाटे, याला दोन दिवस एका अंगठ्यावर जगायला लावा, मग बोल म्हणावे.

बाबांच्या छातीत खाणीची धूळ बसली होती. मुले मोठी झाली तसा त्यांचा श्वास आखूड होत गेला. बोगना बेकरीत काम करी, निको मिळेल ते. मग गिंटर नावाच्या मावसभावाने नॉर्वेहून निरोप धाडला की मासळीच्या कारखान्यात एक जागा धरून ठेवली आहे. एकच. कोण येणार ते नाताळच्या आदल्या संध्याकाळी फोन करीन तेव्हा सांगा, नाहीतर जागा जाईल. एकाने जायचे, दुसऱ्याने बाबांजवळ राहायचे.

निकोला समुद्राचे वेड होते. त्याच्या टेबलावरच्या भिंतीवर जहाजांची चित्रे चिकटवलेली होती. बोगनाने भिंतीला काही चिकटवले नव्हते, पण पहाटे बेकरीला निघताना ती जिन्यात थांबून सुस्कारा टाकी. जावेसे तिलाही वाटत होते. दोघेही एकमेकांना "तूच जा" म्हणत आणि दोघांच्याही आवाजात ते पुरते बसत नसे.

नाताळच्या आदल्या संध्याकाळला इथे विगिलिया म्हणतात. टेबलावर पांढरी चादर, अनोळखी पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे, आणि आकाशात पहिला तारा दिसेपर्यंत कोणी जेवत नाही. त्या दुपारी निको म्हणाला, "खेळून ठरवू. जिंकेल तो जाईल."

बाबा दचकले. "आज नको रे. जशी विगिलिया, तसं वर्ष. आज जो हरेल तो वर्षभर हरत राहील. तुझी आई आज आम्हाला पत्तेसुद्धा लावू द्यायची नाही."

"गिंटरचा फोन आजच आहे बाबा. उद्या खेळून काय उपयोग?"

बोगनाने मला उचलले. मग तिने विचारले, "मदत बंद करू?"

नेहमीचा निको टुणकन उडी मारून हो म्हणाला असता. त्या दिवशी तो म्हणाला, "असू दे चालू. सणाचं भांडण नको."

मित्रांनो, त्या डावाइतका विचित्र डाव मी खेळलो नाही. एक फेरी तिची, एक त्याची, पुन्हा तिची, पुन्हा त्याची. कोणी चिडत नव्हते, कोणी टोमणे मारत नव्हते. बरोबरी झाली आणि एकच फेरी उरली. त्याच वेळी बाबांना खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. बोगनाचा अंगठा माझ्या उजव्या दांड्यावर होता. तो आधी थंड पडला, आणि मग स्थिर झाला. हिने काहीतरी ठरवले, हे मला त्या स्पर्शावरून कळले.

पडद्यावर एका पडक्या घराचे दार होते. निको त्या दारात आला आणि उभा राहिला. "दिसतोय बघ, मार!" तो टेबलावरून हसत म्हणाला.

बोगनाने अंगठा बाजूला वळवला. मुद्दाम. नेम त्याच्यावरून सरकून भिंतीवर जावा इतका बाजूला, आणि वळवता वळवताच तिने चाप ओढला. मी तो वळलेला अंगठा इमानाने पुढे पोचवला. माझ्याकडून तसूभरही कमीजास्त झाले नाही. आता थरथर येणार नाही, निको हिला मारणार आणि निको समुद्राकडे जाणार, असे मी धरून चाललो.

थरथर आली.

अंगठा भिंतीकडे होता आणि पोटातल्या मोटारी सांगत होत्या की गोळी निकोला लागली. त्या तिसऱ्याने नेम त्याच्या अंगावरून हलूच दिला नव्हता.

"जिंकलीस! अनुदानावर जिंकलीस!" निको टाळ्या वाजवत उठला.

"हे धरायचं नाही. परत खेळू," बोगना म्हणाली.

"आजचा निकाल बदलतात का वेडे? तू जिंकलीस. आता वर्षभर जिंकत राहा."

"निको, ऐक तरी, मी नेम..."

तेवढ्यात फोन वाजला. गिंटरचा होता. निकोनेच तो उचलला आणि बहिणीचे नाव सांगून टाकले. त्यानंतर तारा दिसला, रिवाजाची पातळ पापडी मोडून सगळ्यांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या, बीटाचे सार आले, कार्प मासा आला. राहिलेले वाक्य तिने पुन्हा काढले नाही.

ती नॉर्वेला गेली. मला तिने फडताळावर, कॉफीच्या डब्याशेजारी ठेवले. वापरातल्या वस्तूला फडताळ म्हणजे वृद्धाश्रमच. तिथून मला ऐकू मात्र सगळे येई.

बोगनाचे पैसे येत, पण बाबांची औषधे वाढत चालली होती. एक दिवस निको खाणीत नाव घालून आला. बाबा असे ओरडले की त्यांचा श्वासच अडकला.

"माझ्या घरातलं कोणी खाली जाणार नाही, मी तुझ्या आईला शब्द दिलाय!"

"मग काय करू? घरापासून चालत जाण्यासारखं दुसरं काम दाखव. सकाळची पाळी करतो, दुपारी तुझ्याजवळ."

"तिला बोलवून घे. तू जा नॉर्वेला."

"ती जिंकून गेलीय बाबा. जिंकलेल्या माणसाला परत बोलवायचं?"

निको खाली जाऊ लागला. ऑगस्टमधल्या एका दुपारी तो संगणकासमोर बसून एकदम ओरडला, "बाबा, झालं! हिवाळ्याच्या आत मदत कमी करणार आहेत. पार अर्ध्यावर आणणार. शेवटी न्याय झाला! बोगना आली की बघतो तिच्याकडे, आता बरोबरीनं." बाबा वर्तमानपत्र वाचत होते. ते नुसते "हं" म्हणाले. त्यांनी ते कानाआड केले. मी केले नाही.

सप्टेंबरात एका सकाळी फडताळ हलले. झाबझेत जमीन अधूनमधून हलते; खाली पोकळ आहे, लोक कप धरून ठेवतात आणि पुन्हा बोलू लागतात. पण तो धक्का लांबला. कॉफीचा डबा वाजत राहिला. माझ्या मोटारी बंद होत्या, पोटात बॅटरीचा जीव नव्हता, आणि तरीही मी नखशिखान्त थरथरलो. अगदी तशीच थरथर, गोळी लागल्याची. बाबांनी टेबल धरले आणि घड्याळाकडे पाहिले. सकाळची पाळी चालू होती. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि ते खुर्चीत बसून राहिले. जिन्यावर बुटांचा आवाज आला तेव्हाही ते उठले नाहीत. दार शेजारणीने उघडले.

बोगना निकोच्या दफनाला आली ती परत गेली नाही. बेकरीत पुन्हा लागली. निकोच्या टेबलाला आणि मला तिने हात लावला नाही. फडताळासमोरून जाताना मात्र ती थबके, आणि मला वाटे, आता विचारील. तिचा प्रश्न मला ठाऊक होता. "मी खरंच नेम बाजूला धरला होता, की मला जायचं होतं म्हणून हातानं बरोबर काम केलं आणि मन नंतर खोटं बोललं?" पोरीला हा एकच प्रश्न आतून पोखरत होता.

विगिलिया आली. बाबा स्वयंपाकघरात मासा तळत होते, तारा निघायला अवकाश होता. बोगनाने निकोचा संगणक चालू केला. त्या दिवशी इथली माणसे खुर्चीवर बसण्याआधी फुंकर घालतात, घरी आलेल्या आत्म्यावर चुकून बसू नये म्हणून. तिने निकोच्या खुर्चीवर फुंकर घातली, थोडा वेळ थांबली आणि मग टेकली. निको खेळातले आपले खाते कधी बंद करत नसे, त्यामुळे त्याचा खेळाडू लगेच उभा राहिला. डोक्यावर त्याचे नाव. तिने त्याला त्याच पडक्या घराच्या दारात नेऊन उभे केले आणि सोफ्यावर येऊन मला हातात घेतले. मला नव्या बॅटऱ्या घातल्या.

पडदा उजळल्यावर खेळाने आधी एक पाटी दाखवली असावी. मोठा बदल झाला की ते पाटी लावतात, काय बदलले ते लिहितात. बोगनाने न वाचता माझे बटण दाबून ती घालवली.

मग तिने निकोवर नेम धरला. अंगठा तसाच बाजूला वळवला, त्या दिवशी होता तितकाच. मी शपथेवर सांगतो, तितकाच. आणि चाप ओढला.

काही झाले नाही. गोळी भिंतीत गेली.

पुन्हा. पुन्हा भिंत. ती परत परत तेच करत होती आणि मी आतून आक्रोश करत होतो, कारण मला कळले होते. तो तिसरा निम्म्याने गेला होता. चिखल आटला होता, नेम अंगावरून सहज घसरत होता. निकोने जन्मभर मागितलेला न्याय त्याच्या मागून आला होता, आणि नेमका हिच्या पुराव्यावर येऊन पडला होता.

शेवटी तिने अंगठा सरळ ठेवला आणि चाप ओढला. तेव्हा मात्र मी थरथरलो. तिने मला मांडीवर टाकले, जसा काही मी चटका दिला होता.

बाबा दारात येऊन उभे होते. "बंद कर ते, पोरी. तो तिथं असा उभा बघवत नाही."

"मी सरळच धरला होता बाबा. वर्षभर मला वाटत होतं की मी बाजूला धरला. आता बघ, बाजूला धरला की लागतच नाही."

बाबांना त्यातले काही कळले नाही. ते तिच्याजवळ बसले. बसण्याआधी त्यांनीही फुंकर घातली. "एक सांगू? त्या दिवशी मी त्याच्या मागं बसलो होतो. तो दारात येऊन उभा राहिला ना, तेव्हा त्याचा हात माऊसवर नव्हताच. मांडीवर होता. त्याला तुला पाठवायचं होतं."

बोगनाने मला मांडीवरून उचलून बाजूला ठेवले. "म्हणजे तो निःशस्त्र उभा होता," ती म्हणाली, "आणि मी नेम धरून मारला."

"असं नव्हे गं. आज रडू नकोस. जशी विगिलिया..." बाबांनी वाक्य तिथेच सोडले.

बाबा मला ओळखत असते तर! ऑगस्टमधले निकोचे बोलणे त्यांच्या कानावरून गेले होते. अर्धी गोष्ट त्यांच्यापाशी होती, अर्धी माझ्यापाशी, आणि मधे ती रडत बसली होती. त्या रात्री जनावरांना माणसाची वाणी फुटते असे इथले लोक मानतात. गोठ्यातली गाय बोलते, दारातला कुत्रा बोलतो. मी जनावर नाही. मला फक्त थरथरता येते, आणि तेही कोणीतरी चाप ओढल्यावर.

तिने माझ्या पोटातून बॅटऱ्या काढल्या आणि मला खणात ठेवले. आता मी तिथेच आहे. वरचे रबर झिजले आहे, पण दांडा अजून अचूक आहे.

मित्रांनो, निको चुकत नव्हता. मदत जास्तच होती, आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा मीच आहे. ती कमी केली ते बरे केले. तुमच्या खेळातही माऊसवाले आणि कंट्रोलरवाले भांडत असतील तर भांडा, बरोबरी मागा. पण नियम बदलला की कालचा डाव आजच्या मापाने मोजू नका. कोणी मोजत बसले असेल तर त्याच्याजवळ बसा आणि समोर आलेली पाटी त्याला वाचून दाखवा. वस्तूंची काळजी घ्या, असे माझ्या जातीचे सगळे म्हातारे शेवटी सांगतात. माझी काळजी नाही घेतली तरी चालेल.

तुमच्यापैकी कोणी कधी झाबझेला गेले, तर स्टेशनजवळच्या बेकरीत सकाळी एक बाई पाव देत असते. तिला दुसरे काही सांगू नका. माझा निरोप एवढाच सांगा की बोगना, तुझा अंगठा भिंतीकडे होता.